रडणाऱ्या मुलीची पुण्याई: फातिन हमामाविषयी वाचकांचे प्रश्न

इजिप्शियन नट ओमर शरीफवर लिहिलेल्या मागच्या लेखात फातिन हमामाचा उल्लेख ओझरता आला होता: त्याची पत्नी आणि इजिप्तच्या पडद्यावरची सर्वांत मोठी नटी, एवढाच. बाकी लेखाबद्दल मोजकी पत्रं आली, या अर्ध्या ओळीबद्दल मात्र ढीगभर. तेव्हा या वेळचा सगळा मजकूर तिच्यावरच. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलचक पत्रं आटोपशीर केली आहेत.

आफ्रिकेतल्या अभिनेत्रींवर लिहा असं आम्ही वर्षभर सांगतोय आणि तुम्ही काढलीत ती इजिप्तची. इजिप्तला आफ्रिका म्हणायचं का? – वाचक, कोल्हापूर

म्हणायचं की. कैरो आफ्रिकेतच आहे. पण तुमच्या प्रश्नामागची कुरकुर समजते. आफ्रिकी सिनेमा म्हटलं की आपल्याला सेनेगल, माली किंवा अलीकडचं नायजेरिया आठवतं, आणि इजिप्तला आपण अरब देशांच्या रांगेत बसवून मोकळे होतो. तो देश दोन्हीकडचा आहे. ट्युनिशियातला कार्थेज महोत्सव १९६६ पासून अरब आणि आफ्रिकी चित्रपट एकाच मांडवात दाखवत आला, तो काही उगाच नव्हे.

आता काळाचा हिशेब बघा. सेनेगलच्या उस्मान सेंबेनचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट १९६६ मधला. त्याआधी फ्रेंच वसाहतींत चित्रीकरण करायचं तर सरकारची परवानगी लागे, आणि ती आफ्रिकी माणसाला सहसा मिळत नसे. त्या वेळी फातिनला पडद्यावर येऊन पंचवीस वर्षं उलटली होती. हे शक्य झालं, कारण कैरोत स्टुडिओ होता. तलअत हर्ब नावाच्या माणसाने १९२० मध्ये निव्वळ इजिप्शियन भांडवलावर बँक मिस्र काढली आणि त्याच बँकेच्या पैशातून १९३५ मध्ये स्टुडिओ मिस्र उभा राहिला. पन्नासच्या दशकात कैरोतून वर्षाला पन्नास-साठ चित्रपट बाहेर पडत आणि बगदादपासून कासाब्लांकापर्यंत चालत. कैरोची बोली अरब जगात सगळीकडे समजते, त्याचं मोठं श्रेय या चित्रपटांना जातं.

ती सिनेमात आली कशी? घरात कुणी या धंद्यातलं होतं का? – वाचक, सातारा

कुणीही नव्हतं. जन्म २७ मे १९३१ चा. गाव मन्सूरा असं बहुतेक ठिकाणी छापलेलं आढळतं, ती स्वतः मात्र कैरोतला आब्दीन भाग सांगायची. वडील शिक्षण खात्यात कारकून, आई घर सांभाळणारी. सहा वर्षांची असताना वडिलांनी तिला थिएटरात नेलं. त्या काळची मोठी नटी आसिया दाघेर हिचा चित्रपट होता. टाळ्या वाजल्या तेव्हा ही पोरगी वडिलांच्या कानाशी लागून म्हणाली, लोक माझ्यासाठीच टाळ्या वाजवताहेत असं वाटतंय. पुढे तिने मुलांची एक सौंदर्यस्पर्धा जिंकली आणि वडिलांनी तिचा परिचारिकेच्या वेशातला फोटो दिग्दर्शक मोहम्मद करीम यांच्याकडे पाठवून दिला. करीम नेमके एका लहान मुलीच्या शोधात होते. चित्रपट होता १९४० चा ‘यौम सईद’, नायक गायक मोहम्मद अब्दुल वहाब. करीमनी मुलीला पाहिलं आणि पुढच्या चित्रपटांसाठीही वडिलांशी करार करून टाकला.

बालकलाकारांचं पुढे काय होतं, हे आपण आपल्याकडेही पाहतो. गाल बसले, आवाज फुटला की संपलं. फातिनच्या बाबतीत तो मधला काळ युसूफ वहबी यांनी सावरला. रंगभूमीवरचा हा दबदब्याचा माणूस. त्यांनी १९४६ मध्ये ‘मलाक अल-रहमा’त तिला मुलीची भूमिका दिली. त्याचबरोबर कैरोत नव्याने निघालेल्या अभिनय संस्थेत शिक्षणही चालू होतं. १९४७ मध्ये दिग्दर्शक इझ्झुद्दीन झुल्फिकारशी लग्न झालं. तेव्हा ती फक्त सोळा वर्षांची होती. लगेच दोघांनी मिळून चित्रपट काढायला सुरुवात केली.

इंटरनेटवर तिचे दोन-तीन जुने चित्रपट पाहिले. प्रत्येकात ती रडतेच आहे. एवढं डोक्यावर घेण्यासारखं त्यात काय? – वाचक, ठाणे

तुम्ही बहुधा १९५४ च्या आधीचे पाहिलेत. त्या काळात तिच्या वाट्याला ठरलेलं काम येई: गरीब, सोशिक, फसवली गेलेली, आजारी, आणि शेवटी निर्दोष ठरणारी मुलगी. बांधा लहानखुरा, आवाज बारीक, डोळे मोठे. निर्मात्यांना आयतं सापडलेलं घबाडच. प्रेक्षक तिच्यासाठी हमसून हमसून रडत आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या चित्रपटात पुन्हा रडायला येत.

मला तिच्यात रस आहे तो या रडण्यातून तिने गाठीशी बांधलेल्या पुण्याईमुळे. घरोघरच्या माणसांना ती आपली लेक वाटायची, आणि लेकीवर कुणी चटकन वाईट संशय घेत नाही. पुढची तीस वर्षं ही पुण्याई ती विचारपूर्वक खर्च करत गेली. दिग्दर्शक सालाह अबू सैफच्या ‘ला अनाम’मध्ये (१९५७) ती बापाचा दुसरा संसार कट करून मोडणारी मुलगी झाली. इहसान अब्दुल कुद्दूस यांची ही कादंबरी तेव्हा बरीच गाजलेली होती, आणि त्यातली ती मुलगी फातिन करणार म्हटल्यावर लोकांना धक्काच बसला.

मग आला ‘दुआ अल-करवान’ (१९५९). ताहा हुसैन यांच्या कादंबरीवरचा, हेन्री बरकात दिग्दर्शित. आमना ही खेड्यातली मुलगी. तिची बहीण हनादी एका इंजिनिअरकडे कामाला असते, तो तिला नादी लावतो, आणि घराण्याच्या अब्रूसाठी मामा हनादीचा उघड्या रानात खून करतो. आमना सूड घ्यायचा म्हणून त्याच इंजिनिअरच्या घरी मोलकरीण होते. फातिनचं काम बघायचं ते इथून पुढे. मान खाली, आवाज खाली, पण घरातली एकही गोष्ट तिच्या नजरेतून सुटत नाही. रोज संध्याकाळी तो जवळ यायला बघतो आणि ती निसटते. या निसटण्यात द्वेष किती आणि ओढ किती, हे तिचं तिलाही कळेनासं होतं. त्यासाठी तिला एकही लांब संवाद दिलेला नाही. कादंबरी त्या दोघांना समोरासमोर सोडून देते. चित्रपटात मामा आमनाला गोळी घालायला येतो आणि ती गोळी इंजिनिअर स्वतःवर घेतो. मला कादंबरीचा शेवट जास्त खरा वाटतो. पण १९५९ च्या प्रेक्षकाला असा माणूस शिक्षेवाचून सुटलेला चालला नसता, हेही तितकंच खरं. चित्रपट १९६० मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत होता.

आणि एक गंमत. ‘अल-खैत अल-रफी’ (१९७१) या चित्रपटात तिच्या तोंडी कुत्र्याच्या पिल्लावरून एक शिवी आहे. साधीशीच, आपल्याकडे शाळकरी पोरं देतात तशी. पण फातिन हमामाने पडद्यावर शिवी दिली, ही तिकडे बातमी झाली, आणि आजही तिच्याबद्दल बोलताना लोक ती शिवी आठवतात.

ओमर शरीफला तिने घडवलं की तिच्यामुळे तो पुढे आला एवढंच? दोघांचं नेमकं काय झालं? – अनेक वाचक

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची. अपेक्षितच होतं.

दिग्दर्शक युसूफ शाहीन १९५३ च्या सुमारास ‘सिराअ फि अल-वादी’ची जुळवाजुळव करत होता. नायिका फातिन, म्हणजे चित्रपटाची खरी ताकद तीच. नायकासाठी शुक्री सरहानचं नाव पुढे आलं, तिने नको म्हटलं. शाहीनने मग मिशेल शल्हूब नावाचा एक देखणा, अनोळखी तरुण आणला. शाहीनसारखाच तोही अलेक्झांड्रियाच्या व्हिक्टोरिया कॉलेजातला, लाकडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. सांगतात ते असं की चाचणीच्या वेळी त्याने अरबी सोडून ‘हॅम्लेट’मधला उतारा इंग्रजीत म्हणून दाखवला. त्याला घ्यायचं की नाही हे तिच्या हातात होतं आणि तिने होकार दिला. तेव्हा ‘पुढे आला’ हे मान्य. ‘घडवलं’ म्हणायला मात्र मी तयार नाही. कॅमेऱ्याला त्याचा चेहरा आवडत होता, त्यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता.

चित्रपटाची गोष्ट उसाच्या शेतीची आहे. खेड्यातला शिकलेला मुलगा गावकऱ्यांच्या उसाची प्रत सुधारतो, त्यामुळे पाशाचा, म्हणजे बड्या जमीनदाराचा, धंदा धोक्यात येतो, पाशा गावात पाणी सोडून पीक बुडवतो आणि मुलाच्या निरपराध बापाला फासावर जायला लावतो. फातिन त्या पाशाची मुलगी. शेवटचा पाठलाग लक्सरजवळच्या कर्नाकच्या देवळातल्या प्रचंड खांबांमधून होतो. राजा फारूकची सत्ता १९५२ मध्ये गेली होती, पाशा ही पदवीच रद्द झाली होती, जमिनीवर कमाल मर्यादेचा कायदा आला होता. खलनायक पाशा असणं हे अगदी ताजं राजकारण होतं. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? तोवर पडद्यावर चुंबन द्यायला ठाम नकार देणाऱ्या फातिनने जखमी नायकाचं चुंबन घेतलं!

१९५४ मध्ये, हा चित्रपट आला त्याच वर्षी, तिचा झुल्फिकारशी घटस्फोट झाला. मिशेल कॅथलिक होता. त्याने इस्लाम स्वीकारला, नाव ओमर शरीफ असं आधीच पडलं होतं, आणि १९५५ मध्ये दोघांनी लग्न केलं. १९५७ मध्ये मुलगा तारिक झाला. ‘डॉक्टर झिवागो’त लहानपणीचा युरी झालेला मुलगा तो हाच. मधल्या काळात दोघांनी एकत्र बरेच चित्रपट केले. त्यातला ‘नहर अल-हुब्ब’ (१९६०) जरूर पाहा. टॉल्स्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’ नाईलच्या काठी आणलेली आहे. नायिका फातिन, प्रियकर ओमर शरीफ, आणि दिग्दर्शक कोण? इझ्झुद्दीन झुल्फिकार, म्हणजे तिचा पहिला नवरा. नवऱ्याला सोडून गेलेल्या बायकोची गोष्ट पहिल्या नवऱ्याने तिच्यावरच आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्यावर चित्रित केली. सेटवर काय वातावरण असेल याचा तुम्हीच विचार करा. चित्रपटात त्याचा मागमूस नाही, तिघांनीही आपापलं काम चोख केलंय.

१९६२ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ आला आणि शरीफ जगाचा झाला. त्या काळात इजिप्तबाहेर जायचं तर दर वेळी सरकारची परवानगी काढावी लागे, तो बाहेरच राहू लागला. दोघं १९६६ पासून वेगळे राहत होते, रीतसर घटस्फोट १९७४ मध्ये झाला. फातिनने नंतर एका डॉक्टरांशी लग्न केलं आणि तो संसार शेवटपर्यंत टिकला. शरीफने पुन्हा लग्न केलं नाही. ती १७ जानेवारी २०१५ रोजी गेली, तो त्याच वर्षी १० जुलैला. यातून तुम्हाला जी प्रेमकथा रचायची ती रचा, मी रचत नाही.

तिचा एकच चित्रपट पाहायचा तर कुठला? – वाचक, नांदेड

‘अल-हराम’, १९६५. दिग्दर्शक पुन्हा बरकात, मूळ कादंबरी युसूफ इद्रीस यांची. त्या वर्षी कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशात ‘तराहील’ म्हणून मजूर असत. भूमिहीन माणसं. कंत्राटदार त्यांना गावातून उचलून नेई, दूरच्या जमीनदारीवर कापसाच्या हंगामात राबवी आणि काम संपलं की परत पाठवी. ज्या गावात काम चाले, तिथले लोक त्यांना जवळ करत नसत, तळ गावाबाहेर. मराठवाड्यातल्या वाचकाला ऊसतोडीची टोळी, मुकादम आणि उचल माहीत आहे, त्यामुळे तुम्हाला हे जग समजायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.

कालव्याच्या काठी एक मेलेलं अर्भक सापडतं. इथून चित्रपट सुरू होतो. जमीनदारीवरचा कारभारी (झाकी रुस्तुमने काय काम केलंय!) शोध घ्यायला निघतो आणि साहजिकच पहिला संशय बाहेरून आलेल्या या मजुरांवर जातो. मूल असतं अझीझाचं, म्हणजे फातिनचं. नवरा आजारी, अंथरुणाला खिळलेला. एके दिवशी त्याला रताळं खावंसं वाटतं. एवढीच त्याची इच्छा. अझीझा दुसऱ्याच्या शेतात जाऊन माती उकरायला लागते, तिथे शेतमालकाचा मुलगा येतो आणि तिच्यावर जबरदस्ती करतो. नवरा आजारी आहे हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे दिवस गेल्याचं कुणाला कळून चालणार नाही. ती पोटाला फडकं आवळून बांधते आणि टोळीबरोबर कामाला जाते. एका झाडाखाली एकटीच बाळंत होते. मूल रडायला लागतं, कुणी ऐकेल म्हणून ती त्याचं तोंड दाबते, आणि हात काढते तेव्हा ते गेलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी तापाने फणफणलेली असताना ती पुन्हा शेतात वाकून उभी राहते, कारण खाडा झाला तर मजुरी नाही. पुढे भ्रमात ती त्या मेलेल्या मुलाशी बोलते: हे सगळं त्या रताळ्याच्या मुळापायी झालं, असं त्याला समजावून सांगते. इजिप्तमध्ये हे वाक्य आजही लोकांच्या तोंडी आहे. काही ठिकाणी तर चेष्टेतही वापरतात, पण चित्रपटात ऐकाल तर चेष्टा सुचणार नाही. त्या प्रसंगात तिच्या चेहऱ्यावर माती आहे, ओठ सुकलेले आहेत, आणि ती आपल्या नेहमीच्या हुकमी पद्धतीने रडत नाही. ती जवळजवळ तक्रार करते, शेजारणीकडे करावी तशी.

अर्भकाचा जीव घेणारी आई प्रेक्षक कशी स्वीकारणार? दुसऱ्या कुठल्याही नटीला हे जड गेलं असतं. फातिनला पाहताना लोकांनी आधीच ठरवून टाकलं होतं की ही वाईट असूच शकत नाही, मग दोष कुणाचा याचा विचार त्यांना करावा लागला. पुण्याई म्हणतो ती ही.

तिच्या एका चित्रपटामुळे इजिप्तचा घटस्फोटाचा कायदा बदलला असं वाचलं. वकील म्हणून मला हे जरा अतिशयोक्त वाटतं. – वाचक, पुणे

थोडी अतिशयोक्ती आहे, पण पायाशिवाय नाही. चित्रपट ‘उरीदु हल्लन’, म्हणजे ‘मला तोडगा हवा’. वर्ष १९७५, दिग्दर्शक सईद मर्झूक, कथा पत्रकार हुस्न शाह यांची. फातिन इथे दुर्रिया, सुखवस्तू घरातली, शिकलेली बाई. नवरा परराष्ट्र खात्यातला अधिकारी (रुश्दी अबाझा). ती घटस्फोट मागते, तो देत नाही.

तेव्हाचे कौटुंबिक कायदे १९२० आणि १९२९ चे. नवऱ्याने तोंडी तलाक दिला की काम झालं. बायकोला मात्र कोर्टात जाऊन छळ झाल्याचं साक्षीपुराव्याने सिद्ध करावं लागे. बंद दाराआडच्या छळाला साक्षीदार आणायचे कुठून? नवऱ्याच्या बाजूने खोटे साक्षीदार मिळायला मात्र अडचण नाही. दुर्रियाचा खटला वर्षानुवर्षं चालतो आणि ती हरते. अख्खा चित्रपट कोर्टाच्या व्हरांड्यात, बाकांवर, कारकुनांच्या टेबलांपाशी घडतो. तुम्ही वकील आहात, तुम्हाला ती तारीख पे तारीख ओळखीची वाटेल. मला स्वतःला दुर्रियापेक्षाही त्या व्हरांड्यात बसलेल्या बाकीच्या बायका लक्षात राहिल्या. त्यांतली एक म्हातारी, अमीना रिझ्क, संसाराची सगळी वर्षं घालवल्यावर सोडून दिलेली. तिला हवी आहे फक्त पोटगी.

चित्रपटानंतर चार वर्षांनी, १९७९ मध्ये, अध्यक्ष सादात यांनी वटहुकमाने ४४ क्रमांकाचा कायदा आणला. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर पहिल्या बायकोला त्या कारणावर घटस्फोट मागता येऊ लागला, तलाकची नोंद करून बायकोला कळवणं बंधनकारक झालं, मुलं सांभाळणाऱ्या आईला राहत्या घराचा हक्क मिळाला. सादात यांच्या पत्नी जिहान यांनी त्यासाठी जोर लावला होता, म्हणून लोक त्याला जिहानचा कायदा म्हणत, आणि ते म्हणणं कौतुकाचं नसे. चित्रपटाच्या आधीपासून समाजकल्याण मंत्री आयशा रातिब याही सुधारणा मांडत होत्या आणि त्यांना कडवा विरोध झाला होता. तेव्हा कायद्यामागे बऱ्याच जणांची खटपट होती. मंत्र्यांचे मसुदे कुणी वाचत नाही, चित्रपट मात्र सगळ्यांनी पाहिला, एवढंच मी म्हणेन.

आणि पुढचं सांगायला लोक विसरतात. तो १९७९ चा कायदा घटना न्यायालयाने १९८५ मध्ये रद्द केला. मुद्दा पद्धतीचा होता: आणीबाणीची निकड नसताना वटहुकूम काढला. दोन महिन्यांत १०० क्रमांकाचा नवा कायदा आला, पण थोडा पातळ होऊन. दुसऱ्या लग्नामुळे आपल्याला त्रास झाला हे आता बायकोला सिद्ध करावं लागणार होतं. दुर्रियाला हवा होता तसा तोडगा, म्हणजे कारण सिद्ध न करता बाहेर पडण्याचा, २००० सालच्या ‘खुल’च्या कायद्याने मिळाला. तोही मेहेर (नवऱ्याने लग्नात दिलेली रक्कम) परत करून आणि पैशावरचे बाकी हक्क सोडून. चित्रपट येऊन तोवर पंचवीस वर्षं झाली होती.

प्रसिद्धीच्या शिखरावर असताना ती देश सोडून का गेली? – वाचक, बेळगाव

गुप्तहेर खात्यामुळे. साठच्या दशकात अध्यक्ष नासिर यांच्या राजवटीत हे खातं नटनट्यांनाही आपल्या कामाला जुंपू पाहत असे. फातिनने दाद दिली नाही. मग परदेश प्रवासाला आडकाठी, महोत्सवांना जाण्यावर बंदी, असा जाच सुरू झाला. १९६६ मध्ये ती बाहेर पडली आणि १९७१ पर्यंत बैरुत आणि लंडन अशी राहिली. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी सरकारने तिला सन्मानपदक दिलं होतं. नासिर यांनी लेखक-पत्रकारांकरवी तिची मनधरणी करून पाहिली, ती राष्ट्राची संपत्ती आहे असंही म्हणाले. ती परतली नासिर गेल्यानंतरच.

राजवटीला ती नकोशी होती असंही नाही. ‘अल-बाब अल-मफ्तूह’ (१९६३) पाहिला तर लक्षात येईल. लतीफा अल-झय्यात यांच्या कादंबरीवरचा, १९५६ च्या सुएझच्या लढ्यावर संपणारा चित्रपट. ठरलेल्या नवऱ्याला, एका दांभिक प्राध्यापकाला, स्टेशनावर सोडून नायिका पोर्ट सईदच्या गाडीकडे धावते. गाडीत वाट पाहणारा नायक आहे सालेह सलीम, अल-अहली क्लबचा फुटबॉलपटू! अभिनय बेताचा, पण त्या गाडीत त्याला पाहून थिएटरात काय आरोळ्या उठल्या असतील.

ओमर शरीफसारखी ती हॉलिवूडला का गेली नाही? – वाचक, न्यू जर्सी

‘कैरो’ नावाच्या एका इंग्रजी चित्रपटात (१९६३) होती, जॉर्ज सँडर्सबरोबर. पुराणवस्तूंच्या चोरीची गोष्ट. तिला त्यात काही करायलाच नाही. अरब जगात जिच्यासाठी पटकथा लिहिल्या जात, तिने परक्या भाषेत नायकाच्या बाजूला उभं राहण्यासाठी का जावं?

म्हातारपणी काम केलं का? – वाचक, रत्नागिरी

केलं, आणि मुलगी दिसण्याचा हट्ट धरला नाही, हे विशेष. खैरी बिशाराच्या ‘यौम मुर्र व यौम हुल्व’मध्ये (१९८८) ती कैरोच्या शुब्रा भागातली कर्जबाजारी विधवा आहे. ही विधवा लहानग्या मुलाला कामाला जुंपते, मुलींवर डाफरते, चुकीचे निर्णय घेते. मला हा तिच्या उत्तरार्धातला सर्वांत धीट चित्रपट वाटतो. शेवटचा चित्रपट ‘अर्द अल-अहलाम’ (१९९३): अमेरिकेला निघालेली एक बाई, आदल्या रात्री पासपोर्ट हरवतो. दूरदर्शन मालिकाही केल्या: १९९१ ची शाळेच्या मुख्याध्यापिकेची गाजली होती, आणि २००० मध्ये आणखी एक, रमजानच्या महिन्यात. १९९९ मध्ये कैरोच्या अमेरिकन विद्यापीठाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली.

माझ्या आईला (वय ७८) जुन्या चित्रपटांची आवड आहे, पण सबटायटल वाचणं आता जमत नाही. तिला यातलं काय दाखवू? – वाचक, डोंबिवली

‘अल-हराम’ दाखवू नका, निदान पहिल्यांदा नको. ‘इम्ब्रातूरियत मीम’ (१९७२) लावा. रंगीत आहे, प्रसंग घरातले आहेत. सहा मुलांची विधवा आई, सगळ्या मुलांची नावं ‘म’ने सुरू होतात. आई नोकरी करते, घर शिस्तीत चालवते, आणि एक गृहस्थ तिला लग्नाचं विचारतात. मुलं मोठी झाल्येत, त्यांना आईची हुकूमशाही नको आहे, म्हणून ती चक्क घरात निवडणूक घ्यायचं ठरवतात: घराचा प्रमुख कोण? मॉस्को महोत्सवात १९७३ मध्ये फातिनला या कामासाठी खास पारितोषिक मिळालं होतं. वादावादीचे प्रसंग बरेच आहेत, तिथे तुम्हाला शेजारी बसून सांगत राहावं लागेल. मतदानाच्या आधी चित्रपट जरा थांबवा आणि आईंचं मत कुणाला ते विचारून मला कळवा.